डेड स्लो मयेकर

मयेकर चीफना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लोखंडी दाराला कान लावून उभे होते. सिंगापूर, ईस्ट कोस्ट, आमच्या इमारतीचा तळमजला, रविवारची सकाळ. दारावर धोक्याची सूचना चार भाषांत लिहिलेली. आणि तिला टेकून एक पन्नाशीचे गृहस्थ, पोटाने थोडे पुढे आणि केसांनी बरेच मागे गेलेले, डोळे मिटून ऐकताहेत, जणू आत कोणी तोडी आळवतंय. मी त्या देशात नवा होतो. इथे बारीकसारीक गोष्टींना दंड होतो एवढं ऐकून आलो होतो. पंपाच्या खोलीला कान लावण्याचा दर काय असेल या विचाराने मलाच घाम फुटला.

"एक्स्क्यूज मी, सर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. मी थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी कान सोडवून घेतला, माझ्या पायांतल्या कोल्हापुरी चपलांकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "पंप रडतोय."

"मग कोणाला तरी सांगायला हवं."

"सांगितलं. ते म्हणतात, पाणी येतंय ना."

तो पंप पुढे मी त्या इमारतीत होतो तितकी सगळी वर्षं बिनबोभाट चालला. एकदा मी चीफना हे मुद्दाम ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "मी रडतोय म्हणालो होतो, लिमये. मरतोय म्हणालो नव्हतो. दोन्हींत फरक असतो. लग्न झालं की कळेल."

हे असं त्यांचं बोलणं. फार थोडं, आणि तेही उभं राहून. कारण चीफना चालता चालता बोलता येत नसे. बोलायचं असलं की ते थांबत, आणि थांबले की मागून येणारी माणसं त्यांच्यावर आदळत.

तसे ते रत्नागिरीचे. उभी हयात मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली, चीफ इंजिनियर म्हणून. पंचाण्णवच्या सुमाराला सिंगापूरच्या एका कंपनीने त्यांना किनाऱ्यावरची नोकरी दिली. बंदरात येणाऱ्या बोटींवर चढायचं, इंजिनं तपासायची, संध्याकाळी माणसासारखं घरी यायचं. नोकरी बदलली, चाल बदलली नाही. बोट बंदरात शिरताना ब्रिजवरून कप्तानाचा हुकूम येतो, "डेड स्लो अहेड." म्हणजे पुढेच जायचं, पण इतक्या सावकाश की पाण्यालाही कळू नये. मयेकर चीफ आयुष्यभर त्याच हुकमावर चालले. "बंदरात फुल स्पीडने कोण शिरतं?" ते विचारत. "आणि गाव म्हणजे काय, बंदरच."

इंजिनरूममधली फेरी हा त्यांचा धर्म होता. पाळीवरचा इंजिनियर एकेका यंत्रापाशी जातो, हात लावून ऊब बघतो, कान देतो, वास घेतो, पुढे सरकतो. "इंजिनरूममध्ये धावणारा माणूस दोनच कारणांनी दिसतो," ते सांगत. "आग लागली असेल, किंवा नवा असेल." चीफ रस्त्यावरूनही तशीच फेरी मारत. खांबाला हात लावत, गटाराच्या जाळीपाशी थबकून नाक फुगवत, बंद दुकानाच्या फ्रिजची घरघर ऐकत. साऱ्या शहराला कुठेतरी पोचायची घाई, आणि हा एक माणूस एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावर ऐन मध्यावर उभा. मागे रांग. एकदा एक चिनी आजीबाई भाजीची पिशवी सावरत म्हणाली, "अंकल, यू वॉक ऑर यू पार्क?" चीफना ते इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस मला फोनवर सांगत, "मी खाली पार्क झालोय. ये."

आता वहिनी.

कुमुदवहिनी रत्नागिरीच्या एका शाळेत भूगोल शिकवत. किडकिडीत, ताठ, काखेत छत्री, आणि चाल अशी की शाळेची घंटा होऊन गेलीय आणि सातवी ब वर्गावर कोणीच नाही. त्या घरातून निघाल्या की आधी वहिनी दिसत, मग बराच वेळ काहीच दिसत नसे, आणि मग चीफ. ईस्ट कोस्टच्या बागेत समुद्राकाठी दोघं रोज संध्याकाळी फिरायला जात. एकत्र जात असं म्हणण्याची पद्धत होती. वहिनी खाद्यपदार्थांच्या स्टॉलपर्यंत पोचून, उसाचा रस पिऊन परत येत, तेव्हा चीफ पहिल्याच नारळापाशी एखाद्या सायकलची साखळी ऐकत असत. जाताना एकदा आणि येताना एकदा त्यांची गाठ पडे.

"काय बाई, शाळा सुटली?" चीफ विचारत. ते बायकोला बाईच म्हणत.

"सुटली. तुमचं अजून पाटी-दप्तरच चाललंय."

वहिनी एका वर्षाची बिनपगारी रजा काढून आल्या होत्या. मुलगा पुण्याला होस्टेलवर, नवरा पहिल्यांदाच जमिनीवर, तेव्हा एकत्र राहून बघावं असं ठरलेलं. "आमच्या लग्नाला वीसच्या वर वर्षं झाली," त्या मला गरम पोळी वाढता वाढता म्हणाल्या. मी एकटा राहत होतो, त्यामुळे पोळी आणि तक्रार दोन्ही माझ्या वाट्याला येत. "पण एका छपराखाली राहिलो ते सगळे महिने जोडले ना भावजी, तर तेवढ्या वयाचं पोर बालवाडीतही घेणार नाहीत. आणि आता राहतोय, तर हे बोलत नाहीत. मी वर्गात चाळीस पोरांपुढे नकाशा लावून सांगायची, हा बाल्टिक, हा काळा समुद्र. त्यातलं मी काहीच बघितलेलं नाही, आणि हे सगळं बघून आलेत. विचारलं, रॉटरडॅम कसं आहे हो? तर म्हणतात, एक बाक चांगलं आहे."

सिंगापूर त्यांनी पहिल्या महिन्यातच संपवलं. बागा, देवळं, पक्षी, मासे, सगळं. मग त्या घरात फेऱ्या घालू लागल्या. जूनमध्ये शाळा उघडणार. त्याच्या आत ठरवायचं होतं, राजीनामा द्यायचा आणि इथे राहायचं, की परत जायचं. आमच्या मराठी मंडळींत हा प्रश्नच नव्हता. नवरा जिथे तिथे बायको, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वहिनींनी ठरवलेलं नव्हतं.

आणि चीफना ते ठाऊक होतं. एका संध्याकाळी ते बागेत थांबले, म्हणजे बोलायचं होतं. वहिनी पार लांब, छत्रीएवढ्या दिसत होत्या.

"लिमये, जूनमध्ये बाई गेली, तर मी इथे कोणाच्या मागे चालू?"

"हे त्यांना सांगा ना."

"ती थांबते कुठे," चीफ म्हणाले आणि चालू लागले.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की आपण सगळे युरोपला जातोय. सगळे म्हणजे मीसुद्धा. चीफनी माझी रजा परस्पर गृहीत धरली होती, आणि वहिनींनी वर पुष्टी जोडली, "या तुम्ही भावजी. प्रवासात मला बोलायला कोणीतरी हवं." त्यांनी लगेच एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आणलं, त्यातल्या देशांना रंगीत कागदाच्या खुणा लावल्या आणि रोज रात्री जेवताना मला तोंडी परीक्षेला बसवलं. तिकिटं चीफनी काढली होती. कुठली, ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

विमानात, जेवणाचे ट्रे उचलल्यावर, वहिनींनी पुस्तक उघडलं. "पहिलं रिगा, ते कळलं. लॅटव्हिया, राजधानी, दौगावा नदी. मग पुढे कुठे? हेलसिंकी की स्टॉकहोम?"

"घरी," चीफ म्हणाले.

"म्हणजे?"

"रिगा. मग घरी."

"दहा दिवस?"

"कमी पडतील, पण रजा तेवढीच आहे."

मी खिडकीची जागा मागून घेतली होती याबद्दल त्या क्षणी मला फार समाधान वाटलं. वहिनींनी पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवले, आणि उरलेला प्रवास समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत केला, कॉपी करताना पकडलेल्या मुलाच्या बापाकडे बघावं तसं.

रिगाच का? त्याचं उत्तर मला तेव्हा इतकंच माहीत होतं. तो देश नुकताच रशियाच्या अमलातून सुटला होता तेव्हा, चार-पाच वर्षांपूर्वी, चीफची बोट त्या बंदरात मोडून पडली होती. इंजिनाचा एक मोठा भाग यायचा होता, तो येईना. बाकीचे लोक कंटाळून पत्ते कुटत बसले आणि चीफ रोज बंदरातून गावात चालत गेले. काय बघितलं, असं विचारलं तर म्हणत, "एक रस्ता."

तर पहिला दिवस. आम्ही एका म्हाताऱ्या बाईच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या, स्वयंपाकघरासकट. वहिनी न्याहारी करून निघाल्या, त्या जेवणाच्या वेळेला परतल्या. चीफ आणि मी घराच्या कोपऱ्यावर होतो. म्हणजे त्याच घराच्या, त्याच कोपऱ्यावर. चीफ एका लाकडी दाराच्या बिजागऱ्या बघत होते.

"तीन चर्च, एक किल्ला, दोन संग्रहालयं, तटबंदीचा तुकडा आणि नदीवरचा पूल," वहिनी म्हणाल्या. "कोंबडा बसवलेल्या मनोऱ्यावर चढून सगळं गाव वरून बघितलं. झालं रिगा. तुमचं?"

"हे दार," चीफ म्हणाले. "आतून कोणीतरी रोज तेल घालतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच आगगाडीने समुद्रावर जाऊन आल्या. त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की बाल्टिकच्या पाण्यात क्षार फार कमी. साडी किंचित उचलून त्या पाण्यात उतरल्या, बोट बुडवलं, चाखलं, आणि तशाच परत आल्या. "खरंच अळणी आहे," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "म्हणजे इतकी वर्षं पोरांना खोटं नाही शिकवलं." त्या प्रवासात मी त्यांना इतकं प्रसन्न पहिल्यांदाच पाहत होतो. ते तासाभरात ओसरलं, कारण तेवढ्यात चीफ बाजारातून शेपू घेऊन आले.

त्या मुलखात शेपू कशावरही असतो, बटाट्यावर, माशावर, दह्यात, सूपात. सिंगापुरात तो सहज मिळत नसे आणि चीफचा त्यावर जीव. बाजारात त्यांना शेपूच्या पेंढ्याच दिसल्या, कमरेएवढ्या उंच, वर पिवळ्या फुलांच्या छत्र्या. त्यांनी मिठी मारून आणता येईल तेवढ्या आणल्या. तो शेपू काकड्यांच्या लोणच्याच्या बरणीत घालायचा असतो, वासापुरता. आम्ही त्याची मुगाची डाळ घालून भाजी केली. निब्बर म्हणजे किती निब्बर असावी ती भाजी? आम्ही तिघं संध्याकाळभर चघळत होतो आणि घरमालकीण दारातून बघत होती. शेवटी तिने आपल्या गाईचा विषय काढला, असं तिच्या खुणांवरून मला वाटलं.

"यालाच युरोप म्हणतात का हो भावजी?" तोंडातला देठ काढत वहिनी म्हणाल्या. "मी उद्या हेलसिंकीला जाते. आणि तिथून वाटलं तर सरळ रत्नागिरीला."

चीफ चघळत राहिले. पण त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

वहिनींना गप्प करायचं म्हणून की काय, तिसऱ्या दिवशी चीफ आपणहून ट्रामने जायला तयार झाले. वाहन म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठीच तडजोड. ट्राम निघाली आणि चीफचे कान टवकारले. बारीक, वरच्या पट्टीतला, चिरका आवाज येत होता. त्यांनी बोट वर केलं. "बेअरिंग," ते म्हणाले. "गेलं. चाक धरेल." मी काही म्हणायच्या आत ते चालवणाऱ्या बाईपाशी पोचले होते, आणि एका हाताचं चाक, दुसऱ्याचा आस करून, चाक कसं आवळत जातं आणि मग काय होतं ते दाखवत होते. शेवट बहुधा फारच परिणामकारक झाला, कारण बाईने गचकन ट्राम थांबवली. काही प्रवासी उतरलेसुद्धा. चीफ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी जमिनीला कान लावला.

ट्राम थांबली होती. आवाज थांबला नव्हता.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका आजोबांच्या मांडीवरच्या झाकलेल्या टोपलीकडे वळल्या. आजोबांनी फडकं बाजूला केलं. आत मांजरीची तीन पिल्लं होती आणि तिघंही तक्रार करत होती. ट्रामभर असा हशा उसळला की उतरलेली माणसं तो ऐकून परत चढली. "आय डोन्ट नो हिम," वहिनी शेजारच्या बाईला इंग्रजीत सांगत होत्या. चीफ उठले, गुडघे झटकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "रडत होतं ना पण?"

चौथ्या दिवशी सकाळी वहिनींनी खरोखरच बॅग भरली. हेलसिंकीची बोट दुपारी कुठून सुटते याची चौकशी करायला त्या बंदराकडे निघाल्या. वाटेतला रस्ता तोच, चीफचा. आम्ही दोघं मागे. मी जमेल तेवढा मागे, चीफ त्यांच्या नेहमीच्या अंतरावर.

रस्त्याच्या मध्यावर फुलांच्या टपऱ्या होत्या. एका टपरीत साठीची, रुंद खांद्यांची बाई बसे, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नाव वेल्टा, ते नंतर कळलं. वहिनी तिच्या समोरून वाऱ्यासारख्या गेल्या. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे वळवून लांबून येणाऱ्या चीफकडे पाहिलं, आणि हातातली फुलं खाली ठेवली.

"कुमुद?" ती मोठ्याने म्हणाली.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. मी त्यांना आपणहून थांबलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

वेल्टाने टपरीच्या फळीवर उजव्या हाताची दोन बोटं उभी केली आणि ती फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुरुतुरु धावत नेली. मग डाव्या हाताची दोन बोटं उभी केली आणि ती जागची हलतात न हलतात अशी सरकवली. धावणारी बोटं टोकाला पोचून वळली, सरकणाऱ्यांपर्यंत आली, क्षणभर समोर उभी राहिली, पुन्हा धावत सुटली. एवढं करून वेल्टा डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिने हवेत एक गोळा काढला, तो फिरवला, आणि काल्पनिक छडीने त्याच्यावर एक टिचकी मारली. भूगोलाच्या बाई.

चीफ येऊन पोचले तेव्हा वहिनी फळीकडेच बघत होत्या.

"अहो, या बाईला माझं नाव माहीत आहे."

"हो."

"मी काय शिकवते ते माहीत आहे. माझी चाल माहीत आहे."

"ती एव्हाना गावभर माहीत झाली असेल."

"कसं?"

चीफनी टोपी काढली, परत घातली. "तेव्हा इथे आलो ना, तुझ्या नावाचं फूल मागितलं. कमळासारखं, पांढरं, पाण्यातलं, असं हातांनी दाखवलं. ही म्हणाली, ते तळ्यात असतं, मी विकत नाही. दुसऱ्या दिवशी परत आलो, तर हिने विचारलं, कोणासाठी हवं होतं. मग काय, सांगत गेलो."

"तुम्ही? सांगत गेलात?"

"बोट दुरुस्त होत नव्हती ना," चीफ अपराध्यासारखे म्हणाले.

मला वाटलं, आता वहिनींच्या डोळ्यांत पाणी येणार. पण त्या रत्नागिरीच्या होत्या. त्यांचं नाक लाल झालं आणि आवाज वर्गातला झाला.

"बोटीवरून मला पत्रं यायची. तब्येत बरी आहे, इंजिन बरं आहे, पाऊस कसा आहे. एवढंच. वीस वर्षं. आणि इथे, जिला आपली भाषा कळत नाही त्या बाईला हातवारे करून माझं चरित्र सांगितलंत. अजून काय काय सांगितलंय? आणि कोणाकोणाला?"

"रस्ता मोठा आहे, बाई," चीफ म्हणाले.

"मग चला."

आणि इथे खरी गंमत झाली. चीफना चालता चालता बोलता येत नाही, हे मी मघाशी सांगितलंच. बोलणं आणि चालणं ही दोन इंजिनं एकाच वेळी सुरू ठेवायची त्यांच्या प्रकृतीत सोय नव्हती. ऐकायचं तर वहिनींना थांबणं भाग होतं. दोन पावलं झाली की चीफ थांबत. हा चांभार, याला ती गोष्ट सांगितली, लग्नाच्या दिवशी तुझ्या चपलेचा अंगठा तुटला ती. "तुटला नव्हता, निसटला होता," वहिनी दुरुस्ती करत. मग पुढचं बाक. इथे एक म्हातारा बुद्धिबळ खेळायचा. त्याला सांगितलं की मुलगा झाला तेव्हा मी भर समुद्रात होतो, तार आली आणि मी इंजिनरूममध्ये जाऊन सगळ्या यंत्रांना एकेकदा हात लावून आलो. वहिनींनी ही गोष्ट दुरुस्त केली नाही. त्या बाकावर बसल्या. चीफ उभेच.

मी तिथून काढता पाय घेतला. पाच-सहा तास मी एकटा भटकलो, कोंबड्याच्या मनोऱ्यावर चढलो, नको तितकी चर्च पाहिली. उतरत्या उन्हात परत आलो तर ती दोघं त्याच रस्त्यावर, मघाच्या बाकापासून जेमतेम चार दारं पुढे. चीफ खुणा करून काहीतरी सांगत होते, सवयीने, आणि वहिनी म्हणत होत्या, "अहो, मराठीत सांगा. मला येतं."

हेलसिंकीची बोट सुटून गेली. उरलेले दिवस त्या एका रस्त्यात संपले, आणि शेवटच्या दिवशी त्याचं नदीकडचं टोक राहूनच गेलं.

तुम्हाला वाटेल, झालं, वहिनी सिंगापुरात राहिल्या. मलाही तसंच वाटलं होतं. परतल्यावर एका शनिवारी आम्ही बागेतल्या हॉकर सेंटरवर बसलो होतो. चीफच्या पुढे कॉफी, माझ्यापुढे पराठा, वहिनींच्या पुढे उसाचा रस. आणि त्या म्हणाल्या, "मी जूनला शाळेत रुजू होणार आहे."

चीफ कॉफी ढवळत राहिले.

"रागावू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी. "मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. पण मला वर्गही हवा आहे. इथे माझं ऐकायला कोण आहे? हे भावजी आणि तो फ्रिज. आणि आता तर मी बाल्टिक चाखून आलेय. ते पोरांना सांगू नको?"

"सांग की," चीफ म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी सोमवारी राजीनामा दिला."

वहिनींचा पेला ओठांपाशीच राहिला. "म्हणजे मी सांगायच्या आधी?"

"तू बंदराच्या वाटेवर फुलवालीपाशी थांबलीस ना, तेव्हाच कळलं होतं मला. तू आपणहून थांबू शकतेस, पण तुला कोणाला थांबवून ठेवता येणार नाही. रत्नागिरीला काम मिळेल. बंदर आहे, लाँची आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. सगळे रडताहेत."

वहिनींनी पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत भावजी? उभ्या आयुष्यात हा माणूस पहिल्यांदा माझ्या पुढे गेला. आणि मला पत्ता लागू दिला नाही."

आमच्या मंडळींत महिनाभर दुसरा विषय नव्हता. बायकोच्या शाळेसाठी सिंगापूरची नोकरी सोडणारा पुरुष त्यांनी पाहिला नव्हता. कोणी म्हणालं, डोकं फिरलं. कोणी म्हणालं, तब्येतीचं काहीतरी असणार, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी जाताना दिसला होता. चीफ तिथे हॉस्पिटलच्या मागच्या जनरेटरचा आवाज ऐकायला गेले होते, हे मी कोणाला सांगितलं नाही. पटलं नसतं.

चांगीच्या विमानतळावर मी एकटाच पोचवायला गेलो. चीफनी वहिनींच्या हातात पिशव्या, स्वतःच्या खांद्यावर बॅग अशी वाटणी केली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पासपोर्ट दाखवून ती दोघं आत गेली. मी काचेपाशी उभा राहिलो. पलीकडे लांबलचक दालन होतं आणि त्याच्या मधून माणसांना वाहून नेणारा सरकता पट्टा. वहिनी सवयीने त्याच्यावर चढल्या. चीफ चढले नाहीत. त्यांनी पट्ट्याच्या कठड्याला हात लावून पाहिला, कान किंचित झुकवला, आणि शेजारच्या गालिच्यावरून आपल्या चालीने निघाले.

पट्टा वहिनींना भराभर पुढे नेऊ लागला. त्यांनी मागे वळून पाहिलं. आणि मग त्या पट्ट्यावरून उलट्या दिशेने चालू लागल्या, चांगल्या झपझप, समोरून येणाऱ्या गोऱ्या प्रवाशांना छत्रीने बाजूला सारत. पट्टा त्यांना पुढे ढकलत होता, त्या मागे येत होत्या, आणि दोन्हींचा हिशेब असा काही जुळला होता की त्या बरोबर चीफच्या शेजारी राहत होत्या, ना एक पाऊल पुढे ना मागे. घामाघूम. तोंडाने अखंड काहीतरी सांगत.

चीफ थांबले. म्हणजे त्यांना उत्तर द्यायचं होतं. वहिनींनी चालण्याचा वेग वाढवला.